तीन लाख, एक पॅनल आणि दरपत्रकाचं शेवटचं पान

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पहिली ते सातवीची जिल्हा परिषद शाळा, पट शंभराच्या थोडा वर. माजी विद्यार्थी आणि गावकऱ्यांनी मिळून तीन लाख रुपये जमवले आहेत. एका विक्रेत्याने इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा, आणि त्यासोबत ‘एआय शिक्षक’ नावाचं सॉफ्टवेअर, असं दरपत्रक दिलं आहे. शाळेतले तरुण शिक्षक उत्साहात आहेत. ज्येष्ठ म्हणतात, दोन वर्षांत धूळ खाईल. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक तोंडावर आहे आणि तुम्हाला मुख्याध्यापक म्हणून भूमिका घ्यायची आहे.

माझं मत असं: पैसे खर्च करा, पण पॅनलचा विचार सगळ्यात शेवटी करा. आणि कुठलीही वस्तू घेण्याआधी एकच गोष्ट तपासा, ती वर्गात आल्यावर डोकं आणि हात कोण चालवणार आहे, मूल की यंत्र? बाकी सगळं यातून निघतं.

हे मी नव्याच्या विरोधात बोलत नाही. उलट, आपल्या राज्यातल्या शिक्षकांनी जितकी यंत्रं येताना पाहिली तितकी क्वचितच कुणी पाहिली असतील. पुण्यात 1984 मध्ये बालचित्रवाणी ही शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था सुरू झाली, तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचे. 2004 मध्ये एज्युसॅट उपग्रह गेला आणि आता उपग्रहावरून शिकवणार असं सांगण्यात आलं. मग संगणक कक्ष आले, ई-लर्निंगचे संच आले. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाच्या शासन निर्णयानंतर तर गावोगाव लोकवर्गणीतून एलईडी टीव्ही आणि प्रोजेक्टर लागले. त्या काळात गावाने शाळेसाठी खिशात हात घातला, ही मोठी गोष्ट होती, तिला मी कधीच कमी लेखणार नाही. पण जवळजवळ प्रत्येक लाटेत यंत्र आलं ते ‘दाखवण्यासाठी’. मुलांनी बसायचं, बघायचं, शेवटी टाळ्या वाजवायच्या. नवलाई ओसरली की बघणंही थांबतं. धूळ खाईल असं म्हणणारे तुमचे ज्येष्ठ सहकारी चुकीचं बोलत नाहीत, त्यांनी ती धूळ पुसलेली आहे.

मग यंत्र थेट मुलाच्या हातात दिलं तर? तेही करून झालंय. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावातल्या जिल्हा परिषद शाळेत 2007 मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. छोटी वाडी, छोटी शाळा, आणि मुलांच्या हातात हिरवे-पांढरे लॅपटॉप. मुलं ते भराभर वापरायला शिकली, फोटो काढले, गोष्टी टाइप केल्या. पण यंत्र वापरता येणं आणि गणित-भाषा येणं यांतलं अंतर किती असतं, हे पेरू देशात मोठ्या प्रमाणावर दिसलं. तिथल्या 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. लॅपटॉप मिळाले, वापर वाढला, पण गणित आणि भाषेतल्या संपादणुकीत फरक आढळला नाही. वस्तू पोचली, तिच्याभोवती काय करायचं हे पोचलं नाही.

आता एक उलटं उदाहरण, आणि माझ्या मते तुमच्या बैठकीत हेच मांडायला हवं. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ नावाच्या सॉफ्टवेअरवर काटेकोर अभ्यास झाला, 2019 मध्ये तो प्रसिद्ध झाला. शाळेनंतरची केंद्रं, साडेचार महिन्यांचा कालावधी. ज्यांना चिठ्ठीत प्रवेश मिळाला ती मुलं गणित आणि हिंदी दोन्हींत, न मिळालेल्या मुलांच्या स्पष्टपणे पुढे गेली. कशामुळे? त्या अभ्यासात आधीच दिसलं होतं की सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आहेत. सॉफ्टवेअरने इयत्ता विचारलीच नाही. मूल जिथे आहे तिथून प्रश्न दिला, चुकलं तर का चुकलं हे बघून पुढचा प्रश्न बदलला. वर्गात पुस्तक सहावीचं उघडलेलं असतं आणि निम्मी मुलं हातच्याच्या वजाबाकीत अडकलेली असतात, हे आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? चाळीस मुलांना चाळीस वेगळे प्रश्न देणं माणसाला जमत नाही, यंत्राला जमतं. इथे यंत्राचा खरा उपयोग आहे.

पण याच अभ्यासातली एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. दीड तासाच्या सत्रात निम्मा वेळच संगणकावर होता. उरलेला निम्मा वेळ छोट्या गटाला एक माणूस शिकवत होता. आणि इयत्ता बाजूला ठेवून स्तरानुसार गट करण्याचं काम ‘प्रथम’ संस्थेने काठ्या, गठ्ठे, तक्ते आणि गोष्टीच्या कागदांवर, एकही पडदा न लावता, आपल्याच राज्यात वर्षानुवर्षं केलेलं आहे. तेव्हा ‘एआय आहे म्हणून स्तरानुसार शिकवता येतं’ असं कुणी म्हणालं तर हसून ऐका.

पैशाचं बोलू. सगळ्यात आधी वीज. भारनियमन, वाऱ्यावादळात तुटणारी तार, थकलेलं बिल, हे सगळं पॅनलच्या माहितीपत्रकात नसतं. पट शंभराच्या वर असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषाने संयुक्त शाळा अनुदान 50,000 रुपये, आणि त्यातच खडू, नोंदवह्या, डागडुजी, स्वच्छता आणि बिल. म्हणून चांगला इन्व्हर्टर आणि बॅटरी, जमलं तर छतावर दोन-तीन सौर पट्ट्या, शिवाय अर्थिंग आणि वायरिंग एकदा नीट तपासून घेणं, हा पहिला खर्च. गावात फीत कापण्यासारखं यात काही नाही, त्यामुळे देणगीदारांना पटवणं अवघड जाईल. पटवा.

दुसरा खर्च, साधा प्रोजेक्टर, एक लॅपटॉप आणि बऱ्यापैकी आवाजाचा स्पीकर. पांढरी भिंत शाळेत आहेच. तिसरा, आठ-दहा टॅब. प्रत्येकाला एक नको. दोन मुलांत एक टॅब असला की ती बोलतात, भांडतात, एकमेकांना समजावतात, आणि त्या बोलण्यातच बरंचसं शिकणं होतं. एका वेळी एक गट टॅबवर, एक गट साहित्य घेऊन जमिनीवर, एक गट तुमच्यासमोर. वीस-पंचवीस मिनिटांनी गट फिरवायचे. इंटरनेटशिवाय चालेल असंच साहित्य निवडा, कारण रेंज असलेला कोपरा बहुतेक शाळांत नेमका मुताऱ्यांच्या मागे असतो. चौथा खर्च म्हणजे खर्च न करणं. एकूण रकमेतला सहावा-सातवा हिस्सा दुरुस्तीसाठी बँकेत राहू द्या. चार्जरच्या पिना मोडतात. मोडणारच.

एवढं झाल्यावर पैसे उरले आणि पॅनल हवाच असेल, तर घ्या. त्यावर लिहिता येतं, नकाशा मोठा करता येतो, शिक्षकाला हाताशी सगळं मिळतं. तो उत्तम आणि महागडा फळा आहे. फळा म्हणूनच घ्या, शिक्षक म्हणून नको.

आता वर्गात काय करायचं ते. माझा एक नियम आहे, आधी हात, मग पडदा. अपूर्णांक शिकवताना आधी कागदाच्या घड्या, भाकरीचे तुकडे, मग टॅब. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या पडद्यावर करायच्या प्रयोगसंचातले बरेच प्रयोग मराठीत भाषांतरित आहेत, मोफत आहेत आणि उतरवून घेतले की इंटरनेटविना चालतात. विजेच्या मंडलाचा त्यातला प्रयोग मला फार आवडतो, पण मुलांनी खराखुरा सेल, वायर आणि बल्ब जोडून तो आधी पेटवलेला असावा, एकदा तरी न पेटलेलाही पाहिलेला असावा. मग पडद्यावर त्यांना तारेतून धावणारे इलेक्ट्रॉन दिसले की ‘हां, म्हणून!’ असा आवाज येतो. उलट क्रमाने केलं तर तो खेळ होतो, मजेदार पण रिकामा. अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या विज्ञान केंद्रात बसून काड्यापेटीतल्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि भंगारातून जे उभं केलं, ते आजही कुठल्याही टॅबच्या आधी मुलांच्या हातात पडलं पाहिजे. त्याचे व्हिडिओ शिक्षकांनी बघायचे, मुलांनी वस्तू करायच्या.

पडदा जिथे खरोखर वरचढ आहे त्या जागा मोजक्या आहेत, पण पक्क्या आहेत. जे वर्गात आणताच येत नाही ते: धडधडणारं हृदय, ज्वालामुखी, गावावरून उचलत उचलत पृथ्वीपर्यंत जाणारं उपग्रह चित्र. चंद्राच्या कला मी ‘स्टेलॅरियम’ या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर दाखवते, मात्र त्याआधी मुलांनी दोन आठवडे घराच्या अंगणातून चंद्र बघून वहीत काढलेला असतो. मग पडद्यावर तेच पंधरा दिवस मिनिटाभरात सरकवले की ‘पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळतानाच का उगवतो’ हा प्रश्न मुलंच विचारतात.

आणि सगळ्यात दुर्लक्षित यंत्र तुमच्या खिशात आहे. शिक्षकाचा फोन आपण फोटो पाठवण्यासाठी आणि माहिती भरण्यासाठी वापरतो. त्याला मोजण्याचं साधन म्हणून बघा. मंदगतीचं (स्लो मोशन) चित्रण लावून नळाचा थेंब, दोरीवरची उडी, चेंडूची टप्पी टिपा. चेंडू प्रत्येक टप्प्याला किती कमी उंच जातो, हे मागे भिंतीवर खडूने खुणा करून मुलांना मोजता येतं. सरासरी, आलेख, गुणोत्तर, सगळं त्यातून निघतं. कॅमेऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवला की मुंगीचे पाय दिसतात. फोनमध्ये घड्याळ आहे, ध्वनिमापक बसवता येतो, होकायंत्र आहे. याला तीन लाख लागत नाहीत.

फोनचा आणखी एक उपयोग सांगते, तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दर महिन्याला प्रत्येक मुलाचं एक मिनिट वाचन ध्वनिमुद्रित करायचं. उतारा साधा, त्याने न वाचलेला. तारीख घालून फाइल साठवायची. जूनमधलं अडखळत केलेलं वाचन आणि जानेवारीतलं वाचन एकापाठोपाठ ऐकवलं की मुलाला स्वतःची प्रगती कानांनी कळते, गुणपत्रकाने तेवढी कळत नाही. माझी शाळा बीड जिल्ह्यातली. आमच्याकडे दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, काही मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. ती फाइल उसाच्या फडावर बसलेल्या आईच्या फोनवर पोचते. पालकसभेला ती येऊ शकत नाही, पण लेकराचं वाचन ती ऐकते, शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, बायांनाही ऐकवते. याला कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा क्यूआर कोडची सगळीकडे चर्चा झाली. पाठ्यपुस्तकांवर ते चौकोन आज घरोघरी पोचले आहेत. मुळात त्यांनी काय केलं होतं ते मात्र मागे पडलं: वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून साहित्य त्यांच्या भाषेत नेलं आणि ते कोडाला जोडलं. आपल्या वर्गातल्या मुलाला नेमकं काय अडतं हे आधी शोधलेलं असलं, तर कोड छापायला पाच मिनिटं लागतात. ते शोधलेलं नसेल तर कोडामागे कुठल्या तरी शहरातल्या स्टुडिओत कुणीतरी एकसुरी वाचलेला धडा असतो.

आता ‘एआय शिक्षक’. इथे मी जरा कडक बोलणार आहे. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेतल्या जवळपास हजार विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास आहे. गणिताचा सराव करताना काहींना साधा चॅटबॉट, म्हणजे विचारलं की उत्तर लिहून देणारं एआय, दिला, काहींना शिक्षकांनी घडवलेला, उत्तर न देता फक्त सूचना देणारा चॅटबॉट दिला, काहींना काहीच नाही. सरावात साध्या चॅटबॉटवाल्यांची कामगिरी 48 टक्क्यांनी वाढली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा हीच मुलं, ज्यांच्याकडे कधी काहीच नव्हतं त्यांच्यापेक्षा 17 टक्के मागे पडली. उत्तर मागत बसली होती, गणित सोडवत नव्हती. सूचना देणाऱ्या चॅटबॉटवाल्यांचं तसं नुकसान झालं नाही, पण परीक्षेत ती कुणाच्या पुढेही गेली नाहीत. म्हणून विक्रेत्याला विचारा, तुमचं सॉफ्टवेअर मुलाने उत्तर मागितल्यावर काय करतं? आणि तो बोलत असताना स्वतः उत्तर मागून बघा.

पहिली ते सातवीच्या मुलांच्या हातात चॅटबॉट मी देणार नाही. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या अटींतही किमान वय 13 आहे. शिक्षकाच्या हातात मात्र जरूर असावा. मी एकच उतारा तीन पातळ्यांवर लिहून घेते, एकाच उदाहरणाचे वेगवेगळे प्रकार करून घेते: दूध संघाचा फॅट, कापसाची वेचणी, एसटीचं अर्धं तिकीट. तासाभराचं काम दहा मिनिटांत होतं. पण जसंच्या तसं कधीच वर्गात नेत नाही. यंत्राच्या मराठीत हिंदी डोकावते. काटकोनाला ‘समकोण’ म्हणेल, अपूर्णांकाला ‘भिन्न’, परिमितीला ‘परिमाप’. बालभारतीच्या पुस्तकात जो शब्द आहे तोच मुलाने ऐकला पाहिजे, नाहीतर आधीच डळमळीत असलेली संकल्पना आणखी सुटते. उदाहरणांची उत्तरं स्वतः सोडवून बघा, कारण ते चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतं.

हाच दोष सातवीच्या वर्गात कामाला लावता येतो. आपल्या गावाबद्दल एआयने काय लिहिलंय ते भिंतीवर दाखवा आणि मुलांना चुका शोधायला लावा. नसलेली नदी, नसलेला किल्ला, भलत्याच देवाची जत्रा, हमखास काहीतरी सापडतं. मग मुलं आजोबांना विचारतात, ग्रामपंचायतीत जातात, मंदिरातला शिलालेख वाचतात. पुरावा म्हणजे काय हे इतक्या नीट मी पुस्तकातून कधी शिकवू शकले नव्हते.

आवाज ऐकून वाचन तपासणाऱ्या ॲपबद्दल तुमच्या तरुण सहकाऱ्यांनी विचारलंय. कल्पना चांगली आहे. पण आमच्याकडचं मूल ‘पाणी’ वाचताना ‘पानी’ म्हणतं, वऱ्हाडातलं मूल ‘केळी’ची ‘केयी’ करतं. वाचन बरोबर असतं, उच्चार घरचा असतो. ॲपने दोन-चारदा चूक ठरवली की ते मूल गप्प होतं, आणि एकदा गप्प झालेलं मूल पुन्हा मोठ्याने वाचायला किती महिने लागतात हे सांगायला नको. घेण्याआधी तुमच्या वर्गातल्या अशाच मुलांना बसवून चाचणी घ्या, गुरुजींच्या मुलीला बसवून नको.

मुलांची नावं, फोटो, गुण कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मूळ नियम आहे. विक्रेता मुलांची खाती काढणार असेल तर ती माहिती कुठे साठते आणि करार संपल्यावर पुसली जाते का, हे लेखी घ्या.

पालक विचारतील, घरी फोन आहेच, मुलं त्यावर शिकतीलच की. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण भागातली 14 ते 16 वयोगटातली 82 टक्के मुलं स्मार्टफोन वापरता येतो असं सांगतात. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरलेली 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी 76 टक्के. यावर पालकांशी भाषण न देता बोला, आपल्या सगळ्यांचे आकडेही असेच निघतील.

बैठकीआधी विक्रेत्याला एक आठवडा पॅनल शाळेत लावून द्यायला सांगा. बहुतेक देतात. त्याच्या माणसाला म्हणा, चौथीला अपूर्णांक शिकवून दाखवा. तुम्ही मागे बसा, कागदाचे दोन भाग करा: मुलांनी काही केलं तर एका बाजूला रेघ, फक्त पाहिलं तर दुसऱ्या बाजूला. तो कागदच समितीपुढे ठेवा. मग वायफाय बंद करून पुन्हा शिकवायला सांगा. दुरुस्तीला माणूस कुठून येतो, किती दिवसांत येतो, वॉरंटीनंतर भेटीचे किती घेतो हे विचारा. आणि सॉफ्टवेअरचं वार्षिक नूतनीकरण. ती रक्कम बहुधा दरपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते, पहिल्या वर्षी ‘मोफत’ असं लिहून. सापडली की मला कळवा, तीन वर्षांचा हिशेब एकत्र मांडून बघू.